नवं काही रुजतं कसं? वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की शेतात, शाळेत किंवा ऑफिसात एखादी नवी पद्धत आली की ती पसरते कशी आणि मरते कशी, यावर जगात ऐंशी वर्षांहून जास्त काळ संशोधन चाललंय, आणि त्यातलं बरंचसं आपल्या इंदूरच्या आसपासच्या अनुभवाशी जुळतं. प्रश्न पाठवा म्हटलं होतं तर इतके आले की सगळे घेणं शक्यच नाही. सहा घेतेय. माझी नोकरी सगळी कृषी विस्तारात गेली, माळव्यातल्या गावांत फिरण्यात, त्यामुळे शेतीवर जरा जास्त बोलणं होईल, ते समजून घ्या.

ताई, आमची देपालपूरजवळ 14 बिघे जमीन आहे, दीर बघतात. मी रुंद सरी-वरंब्याचे व्हिडिओ दाखवले, शिबिराला पण पाठवलं, पण ते पेरणी जुन्याच पद्धतीने करतात. दर वर्षी झड लागली की सोयाबीन पिवळं पडतं. माणूस इतका हट्टी का असतो?
— एक वाचक, सुदामानगर

आधी हा हट्टी शब्द बाजूला ठेवूया, कारण त्यानेच पुढचं सगळं बिघडतं. तुमच्या सासऱ्यांच्या काळात माळव्यात खरिपात बरीच जमीन पडीक ठेवायचे, काळी माती पावसाळ्यात इतकी चिकट की आत शिरता येत नाही, म्हणून पावसाचं पाणी मुरू द्यायचं आणि हिवाळ्यात गहू-हरभरा घ्यायचा. मग 1970 नंतर सोयाबीन आलं, आणि विचार करा, असं पीक जे घरात कुणी खात नव्हतं, ज्याची ना डाळ होत होती ना भाकरी, ते माळव्याने उचललं आणि काही वर्षांत सगळा पट्टा हिरवा करून टाकला. का? तर त्याने गव्हाची जागा मागितली नाही, रिकामी पडलेली जागा घेतली, तीन-साडेतीन महिन्यांत निघालं आणि मंडीत नगद पैसा दिला. त्याच घरातला माणूस आज नव्याला नाही म्हणतोय तर त्याच्याकडे काहीतरी कारण असणार, ते काय आहे एवढं शोधायचंय.

तुमचं म्हणणं चूक नाही हे पण सांगते. एका जुलैत मी देपालपूरच्याच बाजूला एका शेतात उभी होते, नऊ दिवस झड लागून गेलेली. झाड उपटलं तर मुळाला चिखलाचा गोळा आणि कुजकट वास. मुळावरच्या गाठी नखाने फोडल्या, जिवंत गाठ आतून गुलाबी असते, या राखाडी पडल्या होत्या, म्हणजे हवेतलं नत्र धरायचं काम बंद. आणि त्याच शेतात कडेला, जिथे पाणी वाहून जायला नाली होती, तिथल्या दोन ओळी हिरव्यागार, जणू दुसऱ्याच शेतातल्या. वरंबा म्हणजे मातीचा उंच पट्टा, सरी म्हणजे शेजारची नाली, आणि वरंब्यावर पेरायचा मुद्दा एवढाच आहे, जास्तीचं पाणी सरीतून निघून जातं आणि पावसाने पंधरा दिवस दडी मारली तर वरंब्यात ओल टिकते.

आता संशोधन काय म्हणतं ते बघा. 1943 मध्ये ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोघांनी अमेरिकेतल्या आयोवात संकरित मक्यावर अभ्यास छापला, 259 शेतकऱ्यांना विचारलं की पहिल्यांदा कधी ऐकलं, कुणाकडून ऐकलं, कधी पेरलं आणि किती पेरलं. बियाणं चांगलंच होतं, उत्पादन साधारण 20 टक्के जास्त. तरी ऐकल्यापासून घेण्यापर्यंत सरासरी सुमारे 9 वर्षं गेली, आणि घेतल्यावर सुद्धा पहिल्या वर्षी बहुतेकांनी सगळं शेत त्याखाली आणलं नाही, थोडं पेरलं, बघितलं, मग वाढवलं. ऐकलं बहुतेकांनी बियाणं विकणाऱ्याकडून पण विश्वास बसला तो शेजाऱ्याचं शेत बघून. याच विषयावर पुढे 1962 मध्ये सगळ्यात गाजलेलं पुस्तक लिहिणारे एव्हरेट रॉजर्स, ते स्वतः आयोवाच्या शेतकरी घरातले, त्यांच्या वडिलांनी संकरित मका कितीतरी वर्षं नाकारला होता, मग 1936 च्या दुष्काळात शेजाऱ्याचा मका उभा राहिला आणि यांचा वाळला तेव्हा पटलं. म्हणजे भाऊजी एकटे नाहीयेत.

आणि एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या कोरडवाहू शेतीच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने 1970 च्या दशकात काळ्या मातीसाठीच रुंद वरंब्याची पद्धत बसवली, सोबत बैलांनी ओढायचं एक चाकांचं अवजार दिलं ज्याने नांगरणी-पेरणी सगळं होत होतं. संशोधन केंद्रावर उत्तम चाललं. गावात नाही चाललं, कारण ते महाग होतं, जड होतं, आणि एका अवजारात सगळं जोडलेलं म्हणजे शेतकऱ्याला त्यातला हवा तो तुकडा घेता येत नव्हता. अशा अवजारांचा जगभरचा आढावा 1988 मध्ये पॉल स्टार्की यांनी घेतला तर बऱ्याच देशांत हीच कथा निघाली. वरंब्याचा विचार मात्र टिकला, आज तो ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्रावर बसून परत आलाय.

तर भाऊजींना पद्धत पटवू नका, अडचण विचारा. माझा अंदाज सांगू का, चार इंच पाऊस झाला की पेरणीला हातात मोजून चार-पाच दिवस मिळतात, आणि गावात तसलं यंत्र असतं एक नाहीतर दोन, नंबर येईपर्यंत वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, निघून जातो, तर जो माणूस आपल्या साध्या सीड ड्रिलने वेळेवर पेरून मोकळा होतो तो शहाणपणाच करतोय. असं असेल तर यंत्राचं बुकिंग आधी लावून द्या, तुमच्याकडून ती मदत होईल. फक्त 2 बिघे करा, आणि ते रस्त्याकडचे करा, म्हणजे येणारे-जाणारे बघतील, विचारतील, आणि विचारणाऱ्यांना भाऊजीच उत्तर देतील.

ताई, खताची ‘इंदूर पद्धत’ खरंच आपल्या इंदूरची का? नातवाला सांगितलं तर तो म्हणतो आजोबा काहीही सांगता.
— वय 72, रामबाग

नातवाला सांगा, शंभर टक्के आपली. 1924 मध्ये इथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू झाली, जागा होळकर दरबाराने दिली, पैसा कापूस समितीचा आणि आसपासच्या संस्थानांचा, संचालक अल्बर्ट हॉवर्ड. आज त्याच जागेवर आपलं कृषी महाविद्यालय आहे. आणि ज्याचं नाव मराठी माणसाने तरी विसरू नये ते यशवंत वाड, तिथले रसायनतज्ज्ञ. 1931 मध्ये या पद्धतीवर जे पुस्तक निघालं त्यावर हॉवर्ड आणि वाड अशी दोन नावं आहेत. जगभरात हॉवर्ड माहीत आहेत, वाडांना इंदुरातल्या मराठी घरांत सुद्धा कुणी ओळखत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

त्यांनी केलं काय? शेण गोवऱ्यांत जळून जायचं, शेताला खत उरायचं नाही, हा प्रश्न. म्हणून थोडं शेण आणि भरपूर काडीकचरा यांचे थर लावायचे, गोठ्यातली मूत मुरलेली माती आणि चुलीची राख घालायची, पाणी मारायचं, साधारण पंधरवड्याने, मग महिन्याने, मग दोन महिन्यांनी उलटं करायचं, तीन महिन्यांत काळं भुसभुशीत खत. मला सगळ्यात आवडते ती कपाशीच्या पऱ्हाट्यांची गोष्ट. पऱ्हाटी लाकडासारखी कडक, कुजतच नाही, तोडायला मजूर लावले तर खर्च. तर त्यांनी त्या फार्मच्या रस्त्यावर पसरून ठेवल्या, येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांखाली आपोआप चुरा झाला, मग गुरांखाली अंथरल्या, मग खड्ड्यात. एक यंत्र नाही, एक जास्तीचा माणूस नाही. याला म्हणतात संशोधन! हॉवर्ड उघड सांगायचे की मी शेती शिकलो ती इथल्या शेतकऱ्यांकडून आणि पिकावरच्या किडींकडून, आणि कुजवण्याची मूळ कल्पना चीनच्या शेतकऱ्यांची जुनी रीत वाचून सुचली. एप्रिल 1935 मध्ये गांधीजी इंदूरला आले तेव्हा ते हे खत बघायला गेले होते.

पण पुढचं पण सांगायला हवं. पूर्व आफ्रिकेतल्या कॉफीच्या मळ्यांनी ही पद्धत घेतली, तिथे मजूर होते, कचरा होता, मालक एक होता. आपल्याकडच्या छोट्या शेतकऱ्याला मात्र तीन-तीनदा उलटं करायची मजुरी जड जायची आणि शेण तर चुलीला लागायचंच. मग 1939 च्या सुमारास बेंगळुरूत सी. एन. आचार्य यांनी न उलटता कुजवायची पद्धत काढली, ती शहराच्या कचऱ्याला सोयीची पडली. एका ठिकाणी निघालेली गोष्ट दुसऱ्या ठिकाणी बदलून लागते, आणि बदलणाऱ्याने मूळ पद्धत बिघडवली असं म्हणायचं नसतं. नातवाला घेऊन एकदा देवगुराडियाला जा, तिथे 19 फेब्रुवारी 2022 ला सुरू झालेला प्लांट रोज 550 टन ओला कचरा घेऊ शकतो, गॅस करतो, आणि उरलेल्याचं खत. ज्या शहराच्या नावाने खताची पद्धत आहे त्याच शहरात हे चाललंय, मला तरी अभिमान वाटतो.

ताई, मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. दर वर्षी नवीन ट्रेनिंग येतं, कृती-आधारित शिक्षण, प्रकल्प, अजून काय काय. तीन महिन्यांत सगळं बंद आणि मग ऐकायला मिळतं की शिक्षकांनाच बदलायचं नसतं. आम्ही खरंच आळशी आहोत का हो?
— एक शिक्षिका, अन्नपूर्णा रोड

नाही हो. तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होते. शाळांवरचं सुरुवातीचं मोठं काम अमेरिकेत पॉल मॉर्ट यांचं, कोलंबिया विद्यापीठातलं, आणि त्यांना दिसलं की शाळेत एखादी चांगली कल्पना सगळीकडे पोचायला पन्नास-पन्नास वर्षं लागतात. शेतकऱ्याने नवं बियाणं लावलं तर दसऱ्या-दिवाळीला पोती मोजून कळतं की फायदा झाला का तोटा. तुम्ही आज वेगळं शिकवलं तर त्याचं पीक दहा वर्षांनी येणार आणि ते सुद्धा तुमच्या शाळेत नाही, कुठल्यातरी दुसऱ्याच गावात. तोवर तुम्हाला मोजतात ते वार्षिक परीक्षेच्या टक्क्याने, मग तुम्ही परीक्षेलाच शिकवणार, त्यात आळस कुठे आला?

आपल्या शेजारचं उदाहरण देते. 1972 मध्ये होशंगाबाद जिल्ह्यात 16 माध्यमिक शाळांत (म्हणजे सहावी ते आठवी) विज्ञान शिकवायचा एक कार्यक्रम सुरू झाला, किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी केला, 1978 मध्ये तो अख्ख्या जिल्ह्यात गेला, 1982 पासून एकलव्य संस्थेने सांभाळला. साध्या सरकारी शाळा. मुलं चार-चारच्या टोळ्यांत बसून प्रयोग करायची, फुलं उघडून बघायची, माती गाळायची, भिंग घेऊन शेतात जायची. परीक्षेत पुस्तक उघडून बसायची परवानगी, कारण पाठांतर तपासायचंच नव्हतं. आणि ‘सवालीराम’ नावाचं एक काल्पनिक पात्र होतं, मुलं त्याला पोस्टकार्डावर प्रश्न लिहायची आणि त्यांना उत्तरं जायची. मी हे सदर लिहायला घेतलं तेव्हा माझ्या डोक्यात तोच सवालीराम होता.

लोक किटची आणि पुस्तकांची स्तुती करतात, मला वाटतं खरा जीव शिक्षकांच्या मासिक गोष्ठीत होता. महिन्यातून एकदा आसपासच्या शाळांचे शिक्षक एकत्र बसायचे आणि हा प्रयोग माझ्याकडे झालाच नाही, तुमच्याकडे कसा झाला, असं बोलायचे. तीन दिवसांच्या ट्रेनिंगला ते नसतं. ट्रेनिंग संपलं की तुम्ही वर्गात एकट्या. पुढे 2002 मध्ये सरकारने हा कार्यक्रम बंद केला, तीस वर्षं चाललेला. म्हणजे बघा, शिक्षक तयार होते, मुलं तयार होती, तरी वरच्या एका आदेशाने संपू शकतं, आणि मग दोष कुणाला द्यायचा?

तुम्ही एक करा. तुमच्या भागातल्या चार शाळांतल्या विज्ञानाच्या शिक्षिका गाठा, महिन्यातला एक शनिवार, कुणाच्या तरी घरी, पोहे-चहा, आणि प्रत्येकीने एक फसलेला प्रयोग घेऊन यायचा. यशस्वी नाही, फसलेलाच. परवानगी नको, बजेट नको.

ताई, मी पीथमपूरला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. मॅनेजमेंटने नवीन सिस्टिम आणली, सगळी नोंद टॅबवर करायची, लाखो रुपये गेले. कामगार अजून वहीत लिहितात आणि शिफ्ट संपताना एक पोरगा बसून सगळं टॅबमध्ये भरतो. वरून मला बोलणी. काय करू?
— एक वाचक, महू

वही बंद करू नका, आधी वाचा. खरंच वाचा, कारण त्या वहीत असं काहीतरी लिहिलं जातं ज्याला टॅबमध्ये रकानाच नाहीये, ‘दोन नंबरची मशीन आवाज करतेय’, ‘तेल कमी आलं’, असं. मी माझ्या नोकरीत हेच बघितलंय, वरून नवा फॉर्म आला आणि आम्ही गावात आमच्या डायरीत खरं लिहायचो आणि फॉर्ममध्ये त्यांना हवं ते. मी पण लिहिलंय, आज सांगते, मला तेव्हा दुसरा मार्ग सुचला नाही.

कंपन्यांवरच्या संशोधनात एक जुना आणि फार सुंदर अभ्यास आहे, 1951 चा, एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफर्थ यांचा, इंग्लंडच्या कोळसा खाणींवर. बॅमफर्थ स्वतः आधी खाणकामगार होते, म्हणून त्यांना दिसलं जे बाहेरच्याला दिसलं नसतं. पूर्वी खाणीत छोट्या टोळ्या असायच्या, दोघं-चौघं मिळून सगळं काम करायचे, एकमेकांवर जीव टाकायचे, अंधारात तेच लागतं. मग यंत्रं आली आणि काम तुकड्यांत वाटलं, एका पाळीने फक्त कापायचं, दुसरीने फक्त भरायचं. यंत्र चांगलं होतं, पण टोळी मोडली, गैरहजेरी वाढली, एका पाळीचं अर्धवट काम दुसरीच्या डोक्यावर, आणि अपेक्षा होती तेवढा कोळसा निघेना. तिथून हे म्हणणं सुरू झालं की यंत्र आणि माणसांची जुळणी या दोन्हींचा विचार एकत्र करायचा, आधी एक आणि नंतर दुसरं असं नाही.

रॉजर्स यांनी संस्थांबद्दल म्हटलंय की विकत घ्यायचा निर्णय म्हणजे अर्धाच रस्ता, त्यानंतर वस्तू पण थोडी बदलावी लागते आणि संस्था पण, तेव्हा कुठे ती रोजची होते. तुमच्याकडे दुसरा अर्धा रस्ता कुणी चाललेलंच नाही. तर वहीतली पंधरा दिवसांची पानं घ्या, टॅबमध्ये नसलेल्या नोंदी लाल पेनाने खुणा करा, आणि जी दोन माणसं वही सगळ्यात नीट लिहितात त्यांना सोबत घेऊन सॉफ्टवेअरवाल्यासमोर बसा. बोलणी खायला एकटे जाऊ नका, ती पानं घेऊन जा.

मॅडम, मला एम.ए. च्या प्रबंधासाठी ‘नवोपक्रमांचा प्रसार’ हा विषय घ्यायचा आहे. सुरुवात कुठून करू?
— विद्यार्थी, भंवरकुआं

थोडक्यात सांगते. ज्यांनी घेतलं त्यांच्याकडेच सगळे जातात, तू ज्यांनी घेऊन सोडलं त्यांच्याकडे जा. या क्षेत्रावरची जुनी टीका हीच आहे की संशोधक धरूनच चालतो की नवं म्हणजे चांगलं. रॉजर्स यांच्या पुस्तकात, कुणी नवं आधी घेतलं आणि कुणी नंतर, यावरून 2.5, 13.5, 34, 34 आणि 16 टक्के असे गट दिसतील, पहिले धाडसी आणि शेवटचे मागासलेले, तर लक्षात ठेव की तो एका आलेखाचा वेळेप्रमाणे केलेला हिशोब आहे, त्यात माणसाच्या स्वभावाचं सर्टिफिकेट नाही. ज्याच्याकडे दोन बिघेच जमीन आहे तो उशिरा घेतो कारण फसलं तर त्याचं वर्ष जातं. आणि प्रश्नावली घेऊन एका भेटीत परत येऊ नकोस, पेरणीला जा, काढणीला जा, मंडीत पण जा, त्याच माणसाला तीनदा भेटलास की तिसऱ्यांदा खरं बोलतो.

ताई, गच्चीवर बादलीत ओल्या कचऱ्याचं खत करतेय, पण घाण वास येतो आणि अळ्या झाल्यात. शेजारच्या वहिनी नाक मुरडतात. बंद करू का?
— एक गृहिणी, राजेंद्रनगर

अजिबात बंद करू नका. वास येतो म्हणजे आत पाणी जास्त आणि हवा कमी, तेच जे वर देपालपूरच्या सोयाबीनच्या मुळांचं झालं. बादलीच्या तळाला आणि कडेला भोकं पाडा. ओला कचरा एक ओंजळ टाकला की सुका पाला दोन ओंजळी, पाला नसेल तर फाडलेला पुठ्ठा किंवा लाकडाचा भुसा चालेल, मधूनमधून मूठभर बागेतली माती आणि जुनं खत. शिजलेलं अन्न आणि तेलकट काही महिनाभर टाकू नका. मूठभर घेऊन दाबून बघा, एखादा थेंब आला तर ठीक, धार लागली तर अजून सुकं घाला. अळ्यांना घाबरू नका, त्या खतच करतायत, सुकं वाढवलं की कमी होतील.

पंधराव्या दिवशी सगळं दुसऱ्या बादलीत उलटं करा, वरचं खाली आणि खालचं वर, आणि ते जमलं तर वहिनींना मदतीला बोलवा. तीन महिन्यांनी त्यांच्या तुळशीला दोन मुठी द्या. वास तरीही गेला नाही तर मला परत लिहा, सोबत बादलीचा फोटो पाठवा.